ब्लॉकचेनमधली पहिली नोकरी: कोणीतरी तुमच्यासाठी शब्द टाकेल अशी ओळख कशी उभी करायची

पदवी हातात आली की बहुतेक जण नोकरीच्या संकेतस्थळांवर ‘ब्लॉकचेन डेव्हलपर’ असं शोधतात आणि दिसेल तिथे रेझ्युमे टाकत सुटतात. जाहिरातीत तीन वर्षांचा अनुभव मागितलेला असतो, उत्तर येत नाही, आणि दोन महिन्यांत उमेद खचते. अडसर कुठे आहे ते आधी समजून घ्या. या क्षेत्रात संघ लहान असतात. माणसं वेगवेगळ्या देशांत बसून काम करतात, कित्येक जण टोपणनावानेच वावरतात. स्मार्ट काँट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणारा प्रोग्रॅम, एकदा मुख्य साखळीवर चढलं की त्यातली चूक सहसा मागे घेता येत नाही, आणि त्या चुकीवर लोकांचे पैसे टांगलेले असतात. अशा ठिकाणी पूर्ण अनोळखी माणूस घ्यायला कोणी सहज धजत नाही. पण संघातलंच कोणी म्हणालं, ‘या मुलीचं काम मी पाहिलंय, तिच्याशी बोला’, तर गाडी हलते.

हा वशिला नव्हे. वशिल्यात काम न बघता शब्द टाकला जातो. इथे काम बघितल्याशिवाय कोणी शब्द टाकत नाही, कारण शब्द टाकणाऱ्याची स्वतःची पत पणाला लागते. तेव्हा शेकडो लोकांना विनंत्या पाठवण्यात अर्थ नाही. तुमचं काम स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली तीन-चार माणसं तयार करणं, एवढंच आपलं काम. रोज दीड-दोन तास दिले तर त्याला साधारण बारा आठवडे लागतात.

ही माणसं जिवलग असावी लागत नाहीत. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच मांडलं होतं की नव्या संधीची बातमी जवळच्या मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येते. जवळच्यांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. लिंक्डइनवरच्या २ कोटींहून अधिक लोकांवर पाच वर्षं चाललेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी त्यात एक बारकावा जोडला: नोकरी मिळण्यासाठी सर्वाधिक उपयोगी ठरते ती मध्यम ओळख. नुसतं ‘कनेक्ट’ झालेलं नाव त्यामानाने कमी कामाचं. म्हणजे दोन-तीन वेळा कामाबद्दल बोलणं झालेला माणूस हवा.

आधी एकच दार निवडा

पहिला आठवडा फक्त यासाठी ठेवा. ‘मला ब्लॉकचेनमध्ये काम करायचंय’ असं म्हणणाऱ्याला मदत कशी करायची हेच समोरच्याला कळत नाही. ‘मला इथेरियमच्या कन्सेन्सस क्लायंटवर जावामध्ये काम करायचंय’ असं म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर लगेच दोन माणसं येतात. (क्लायंट म्हणजे साखळीचा नोड, अर्थात तिच्या जाळ्यातला एक संगणक, चालवणारं सॉफ्टवेअर; कन्सेन्सस म्हणजे कोणता ब्लॉक खरा यावरची सहमती.)

दार म्हणजे दोन गोष्टींची जोडी: कोणती साखळी आणि कोणतं काम. इथे नवपदवीधर एक मोठी चूक करतात. ब्लॉकचेन म्हणजे सॉलिडिटी ही स्मार्ट काँट्रॅक्टची भाषा, असं धरून ते कॉलेजात शिकलेली भाषा सोडून देतात आणि शून्यापासून सुरू करतात. प्रत्यक्षात इथेरियमचा टेकू हा क्लायंट जावात आहे, बेसूही जावातच. नेदरमाइंड सी-शार्पमध्ये, गेथ आणि प्रिझम गो भाषेत, लाइटहाउस आणि रेथ रस्टमध्ये, लोडस्टार टाइपस्क्रिप्टमध्ये. बिटकॉइन कोअर सी प्लस प्लसमध्ये आहे. सोलाना आणि पोल्काडॉटसाठी रस्ट लागते, कॉसमॉससाठी मुख्यतः गो. कंपन्यांच्या अंतर्गत वापराच्या हायपरलेजर फॅब्रिकमध्ये चेनकोड गो, जावा किंवा जावास्क्रिप्टमध्ये लिहिता येतं. चार वर्षं जावा केलेल्या मुलाने टेकूच्या दारातून आत जावं. स्मार्ट काँट्रॅक्ट लिहिणाऱ्यांच्या मानाने तिथे गर्दी बरीच कमी असते.

निवड करताना एवढं तपासा: त्या प्रकल्पाच्या गिटहब रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) गेल्या तीस दिवसांत किती बदल विलीन झाले, त्यांतले किती संघाबाहेरच्या लोकांचे होते, आणि बाहेरच्यांच्या पुल रिक्वेस्टला (बदल स्वीकारण्याच्या विनंतीला) पहिलं उत्तर किती दिवसांत मिळालं. जिथे बाहेरच्यांना महिनोन्‌महिने उत्तरच मिळत नाही, तो प्रकल्प कितीही नावाजलेला असला तरी तुमच्या कामाचा नाही. एकदा निवडलं की बारा आठवडे बदलायचं नाही. दर पंधरा दिवसांनी साखळी बदलणारा कुणाच्याच लक्षात राहत नाही.

दाखवता येईल असं एक काम

संदेश पाठवण्याआधी एक दुवा हवा. तोही असा की उघडल्यावर दोन मिनिटांत समोरच्याला कळावं, की या माणसाने स्वतः डोकं चालवलं आहे. साधा ईआरसी-२० टोकन, एनएफटीचं मिंटिंग पान, मतदानाचं काँट्रॅक्ट हे सगळे शिकवणीतले प्रकल्प आहेत. शिकण्यासाठी जरूर करा, पण दाखवायला ते चालत नाहीत, कारण तपासणाऱ्याने तेच शंभर वेळा पाहिलेलं असतं.

स्मार्ट काँट्रॅक्टची वाट धरली असेल तर आम्ही आवर्जून सुचवतो ते काम असं: घडून गेलेला एखादा हल्ला फाउंड्री या चाचणीच्या साधनात पुन्हा उभा करा. उदाहरणार्थ, ऑगस्ट २०२२ मधली नोमॅड या ब्रिजवरची, म्हणजे एका साखळीतून दुसरीत मालमत्ता नेणाऱ्या सेवेवरची, चोरी. एका अद्ययावतीकरणात संदेश पडताळण्यासाठीचं विश्वासार्ह मूळ (रूट) म्हणून शून्य ही किंमत नोंदली गेली आणि सिद्ध न झालेला कुठलाही संदेश खरा धरला जाऊ लागला. हल्ल्याच्या आधीच्या ब्लॉकवर मुख्य साखळीचा फोर्क (आपल्या संगणकावरची प्रत) घ्या, चाचणीत हल्ला यशस्वी करून दाखवा, मग दुरुस्ती लिहा आणि तीच चाचणी आता अपयशी ठरते हेही दाखवा. सोबत पाचशे-सहाशे शब्दांचं टिपण जोडा: चूक कुठे होती, परीक्षणातून ती का निसटली असावी, कोणत्या इनव्हेरियंट चाचणीने (कायम खरी राहायला हवी ती अट तपासणाऱ्या चाचणीने) पकडली गेली असती. एक अडचण हमखास येते. जुन्या ब्लॉकवर फोर्क घेताना साधा आरपीसी पत्ता (ज्यावरून नोडकडे माहिती मागतात तो) दिला तर ‘मिसिंग ट्राय नोड’ अशी त्रुटी येते, कारण साधा नोड जुनी स्थिती ठेवत नाही. त्यासाठी आर्काइव्ह नोडची सोय देणारा पुरवठादार घ्यावा लागतो. आणि गिटहबवर अशा हल्ल्यांच्या तयार प्रती सापडतात. त्या उतरवून काढल्या तर पहिल्याच उलटप्रश्नात पितळ उघडं पडतं. दुरुस्ती आणि टिपण तुमचंच असलं पाहिजे.

आणखी काही बारीक गोष्टी, ज्यांच्यामुळे चांगलं काम वाया जातं. गिटच्या सेटिंगमधला ईमेल गिटहब खात्याला जोडलेला नसेल तर तुमचे कमिट (कोडमधल्या बदलांच्या नोंदी) तुमच्या नावावर दिसतच नाहीत. टेस्टनेटवर (खरे पैसे नसलेल्या सरावाच्या साखळीवर, जसं सेपोलिया) काँट्रॅक्ट चढवलं तर त्याचा स्रोत एक्सप्लोररवर, म्हणजे साखळीवरच्या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, पडताळून ठेवा. नुसत्या बाइटकोडचा (यंत्रासाठीच्या कोडचा) पत्ता पाठवून काहीच सिद्ध होत नाही. आणि खासगी किल्ली (खात्यातले पैसे हलवू देणारं गुपित) असलेली फाइल चुकूनही कमिट करू नका. पुढच्या कमिटमध्ये ती काढून टाकली तरी इतिहासात राहते, आणि अशा किल्ल्या शोधणारे बॉट सतत फिरत असतात. खात्यात खरे पैसे असतील तर जातातच. नसले तरी तुमचा इतिहास उघडून बघणारा अभियंता तिथेच थांबतो.

रेझ्युमे एका पानाचा ठेवा. सर्वांत वर या कामाचा दुवा, खाली शिक्षण.

माणसं कुठे भेटतात

हा उद्योग उघड्यावर चालतो, आणि नवख्या माणसाला याहून मोठी सवलत दुसरी नाही. प्रोटोकॉलचे, म्हणजे साखळी ज्या नियमांनी चालते त्यांचे, निर्णय घेणारी माणसं आठवड्यातून ठरलेल्या वेळी सार्वजनिक बैठकीत भेटतात आणि कोणीही ती ऐकू शकतं. इथेरियमच्या मुख्य विकासकांची बैठक गुरुवारी १४:०० यूटीसीला असते. एका आठवड्यात एक्झिक्युशन थर (व्यवहार चालवणारा भाग), पुढच्या आठवड्यात कन्सेन्सस थर. विषयपत्रिका गिटहबवर आधीच टाकलेली असते. सुधारणांच्या प्रस्तावांवर, म्हणजे ईआयपींवर, चर्चा ‘इथेरियम मॅजिशियन्स’ या मंचावर चालते आणि संशोधनाच्या अंगाने ‘ईथ रिसर्च’वर. बिटकॉइनकडे ‘बिटकॉइन कोअर पीआर रिव्ह्यू क्लब’ आहे. तिथे एखादा बदल निवडून त्यावर प्रश्न आधी दिले जातात आणि ठरलेल्या वेळी लेखी चर्चा होते. नवख्यांनी प्रश्न विचारावेत यासाठीच तो आहे. ‘बिटकॉइन ऑप्टेक’चं साप्ताहिक वार्तापत्र वाचलं की कोण कशावर काम करतंय ते कळत जातं.

दार निवडल्यावर पहिले दोन आठवडे फक्त वाचा आणि ऐका, पण वही घेऊन. माणसाचं नाव किंवा टोपणनाव, तो कोणत्या संघात आहे, कशाबद्दल बोलला, आणि आपल्याला न कळलेला एक मुद्दा, एवढंच टिपायचं. दोन आठवड्यांत वीस-पंचवीस नावं जमतात. हीच तुमची खरी यादी. लिंक्डइनवर हुद्दा शोधून काढलेल्या यादीपेक्षा ती कितीतरी सरस, कारण प्रत्येकाशी बोलायला तुमच्याकडे विषय आहे.

डिस्कॉर्ड आणि टेलिग्रामवरच्या सर्वसाधारण गप्पांच्या खोल्यांत वेळ घालवू नका. तिथे भाव आणि फुकट टोकनांच्या चर्चा चालतात. नोकरी देणारी माणसं क्वचितच फिरकतात. डेव्हलपरांसाठीच्या मदतीच्या खोलीत मात्र जरूर बसा. रोज अर्धा तास तिथे आलेल्या एखाद्या प्रश्नाचं नीट, तपासून उत्तर द्यायचं. महिन्याभरात संघातली माणसं तुम्हाला नावाने ओळखू लागतात. उत्तर तपासलेलंच हवं; चॅटबॉटकडून आलेलं चुकीचं उत्तर डकवणारा माणूस तितक्याच लवकर लक्षात राहतो.

पहिलं योगदान

‘गुड फर्स्ट इश्यू’ (नवख्यांना जमेल असं काम) अशी खूण असलेल्या कामांवर सगळ्यांची झडप पडते. त्यामुळे खूण बघण्याआधी प्रकल्प आपल्या संगणकावर बांधून सगळ्या चाचण्या चालवून बघा. बांधताना कुठेतरी अडतंच: कुठे आवृत्ती जुळत नाही, कुठे कागदपत्रात एक पायरी राहून गेलेली असते. ती अडचण आणि तिचं उत्तर हेच बऱ्याचदा तुमचं पहिलं योगदान होतं. जुन्या माणसांना ती दिसत नाही, कारण त्यांनी बांधणी करून वर्षं झालेली असतात.

काम निवडल्यावर क्रम असा ठेवा. योगदानाचे नियम असलेली फाइल पूर्ण वाचा. इश्यूवर चार ओळींत लिहा: मला अडचण अशी समजली, मी अमुक फाइलीत असा बदल करणार आहे, चाचणी अशी लिहीन, चालेल का? होकार आला की शक्य तितका लहान बदल पाठवा. शंभर-दीडशे ओळींच्या आतला बदल एका बैठकीत तपासून होतो. हजार ओळींचा बदल ‘नंतर बघू’ या ढिगात जातो. आठवडाभर उत्तर आलं नाही तर एकदा, फक्त एकदा, नम्रपणे आठवण करा. आलेल्या प्रत्येक सूचनेला उत्तर द्या. सूचना पटली नसेल तर कारण लिहा. वाद नीट घालता येणारा नवखा सगळ्यांना हवा असतो.

फक्त शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करणारे बदल पाठवू नका. योगदानकर्त्यांना पुढेमागे टोकन मिळतील या आशेने असल्या बदलांचा भडिमार होतो आणि संघ वैतागलेले असतात. क्षुल्लक बदल लगेच बंद केले जाऊ शकतात, असं बिटकॉइन कोअरच्या नियमांत लिहूनच ठेवलं आहे.

लोकांच्या लक्षात न येणारी एक वाट आहे ती परीक्षणाची. बहुतेक मोठ्या प्रकल्पांत कोड लिहिणारे मिळतात, तपासणारे कमी पडतात. दुसऱ्याचा बदल आपल्या संगणकावर उतरवून घ्या, चालवा, कोणत्या परिस्थितीत तपासला ते लिहा आणि एखादी सुटलेली बाजू दाखवा. बिटकॉइन कोअरमध्ये यासाठी ‘टेस्टेड एसीके’ (चालवून तपासलं, मान्य आहे) अशी पद्धतच आहे. सोबत कमिटचा हॅश (त्याची ओळखखूण) लिहायचा असतो. अशी चार प्रामाणिक परीक्षणं केलीत की ज्याचं काम तुम्ही पुढे सरकवलंत तो तुम्हाला विसरत नाही.

संदेश कसा लिहायचा

आता यादीतल्या माणसांकडे वळायचं. मोठ्या संस्थापकांपासून सुरुवात करू नका. सर्वांत उपयोगी माणूस म्हणजे वर्ष-दोन वर्षांपूर्वी त्या संघात लागलेला कनिष्ठ अभियंता. त्याला आत येण्याची वाट अजून आठवते, संघात कुठे जागा होणार आहे ते त्याला माहीत असतं, आणि त्याच्याकडे येणारे संदेश कमी असतात. त्याखालोखाल डेव्हलपर रिलेशन्सची (बाहेरच्या डेव्हलपरांशी संपर्क ठेवणारी) माणसं आणि तुमच्याच महाविद्यालयातून या क्षेत्रात गेलेले माजी विद्यार्थी.

न चालणारा संदेश सगळ्यांना माहीत आहे: ‘सर, मी नुकताच पदवीधर झालो आहे, ब्लॉकचेनची खूप आवड आहे, काही जागा असल्यास कळवा, रेझ्युमे जोडला आहे.’ यात समोरच्याला करण्यासारखं काहीच नाही. चालणारा संदेश शंभर शब्दांच्या आतला, त्या माणसाच्या कामाबद्दलचा आणि पाच मिनिटांत उत्तर देता येईल अशा एकाच प्रश्नाचा असतो. असा (तांत्रिक शब्द अनोळखी वाटले तर फक्त बांधणी बघा):

‘नमस्कार. तुमच्या व्हॉल्ट काँट्रॅक्टच्या चाचण्या वाचल्या. ईआरसी-४६२६ मध्ये पहिल्या ठेवीदारावर होणारा हल्ला टाळण्यासाठी तुम्ही व्हर्च्युअल शेअर्स न घेता सुरुवातीची थोडी ठेव जाळण्याचा मार्ग निवडला आहे. मी दोन्ही पद्धतींवर फझ चाचण्या लिहून पाहिल्या. दुवा खाली देत आहे. अगदी लहान ठेवींच्या बाबतीत मला राउंडिंगचा फरक दिसला. ठेव जाळण्याचा निर्णय साधेपणासाठी होता, की ऑडिटमध्ये तसं सुचवलं गेलं? मी यंदाच पदवीधर झालो आहे आणि याच प्रकारचं काम शिकतो आहे.’

नोकरीचा उल्लेख नाही, तरी शेवटच्या ओळीने सगळं कळतं. दुवा उघडणारा तुमचं काम पाहतो, आणि ओळख तिथूनच सुरू होते. आठवड्याला असे तीनच संदेश पाठवा. यापेक्षा जास्त पाठवायला लागलात तर प्रत्येकाचं काम वाचून होत नाही आणि संदेश साच्यातले वाटू लागतात. उत्तर आलं नाही तर सात ते दहा दिवसांनी एक आठवण, तीही नवीन काही घेऊन: ‘त्या चाचणीत आणखी एक बाजू सापडली.’ त्यानंतर गप्प बसा. तो माणूस पुढे बैठकीत किंवा मंचावर भेटणारच आहे.

उत्तर आलं आणि दोनदा लेखी बोलणं झालं, की वीस मिनिटांच्या संवादासाठी विचारा. स्वतः तीन वेळा सुचवा आणि त्या यूटीसीत लिहा. संवादात विचारण्याजोगे प्रश्न: तुमच्या संघात नवीन माणसाला पहिल्या महिन्यात काय दिलं जातं? शेवटचा माणूस कसा निवडला गेला? माझं हे काम बघून कोणती उणीव दिसते? तिसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. वीस मिनिटं झाली की तुम्हीच आठवण करून थांबा. त्याच दिवशी दोन ओळींचा आभाराचा निरोप पाठवा, आणि खरी गोष्ट दोन-तीन आठवड्यांनी करा: त्याने दाखवलेली उणीव भरून काढून त्याचा दुवा पाठवा. हे फार थोडे लोक करतात. ‘सांगितलेलं ऐकतो आणि करून दाखवतो’ हे समोरच्याने डोळ्यांनी पाहिलं की तो तुमच्याबद्दल खात्रीने बोलू शकतो.

शब्द टाकायला सांगताना

मोघम मागू नका. ठरावीक जागा निघाली की तिचा दुवा पाठवा आणि मोकळं विचारा: ‘माझं काम पाहिलं आहेत त्यावरून या जागेसाठी माझं नाव सुचवावंसं वाटतं का? नसेल वाटत तर तसंही सांगा, चालेल.’ नाही म्हणायची वाट ठेवली की होकार खरा मिळतो.

सोबत त्याला तसाच्या तसा पुढे धाडता येईल असा तीन-चार ओळींचा मजकूर द्या: नाव, कोणती जागा, केलेली दोन कामं दुव्यांसह, आणि त्या जागेशी त्यांचा संबंध. मजकूर तृतीय पुरुषात लिहा, म्हणजे त्याला काही बदलावं लागत नाही. शिफारस करणारा माणूस कामात बुडालेला असतो. मजकूर स्वतः तयार करायचा म्हटलं की तो ‘उद्या करतो’ म्हणतो, आणि तोवर जागा भरते. निकाल काहीही लागला तरी त्याच दिवशी त्याला कळवा.

हॅकेथॉन, परिषदा आणि ठरलेल्या वाटा

हॅकेथॉनमध्ये बक्षिसाच्या मागे लागण्यापेक्षा प्रायोजकांच्या टेबलामागे बसलेल्या अभियंत्यांकडे लक्ष द्या. त्या दोन दिवसांत तुमचे प्रश्न सोडवणं हेच त्यांचं काम असतं; एरवी हीच माणसं आठवडा-आठवडा उत्तर देत नाहीत. ईटीएच ग्लोबलसारख्या स्पर्धांत सुरू होण्याआधीच प्रायोजकांची यादी मिळते. त्यातले दोन निवडा, त्यांची कागदपत्रं वाचून या, आणि त्यांचं साधन वापरताना आलेली अडचण नेमकी लिहून द्या. संघ तीन-चार जणांचा बरा. त्यात एकाला तरी वापरणाऱ्याला दिसणारं पान (फ्रंट-एंड) बनवता आलं पाहिजे, नाहीतर प्रात्यक्षिकात दाखवायला काही उरत नाही. शेवटचे चार तास फक्त व्हिडिओ आणि रीडमीसाठी राखून ठेवा. रात्रभर जागून कोड पूर्ण करायचा आणि सादरीकरण दहा मिनिटांत उरकायचं, अशाने चांगले प्रकल्प मागे पडतात. स्पर्धा संपल्यावर बहुतेक प्रकल्प तिथेच मरतात. तुम्ही दोन आठवडे काम चालू ठेवा आणि प्रायोजकाच्या अभियंत्याला सुधारलेली आवृत्ती पाठवा.

परिषदांची तिकिटं महाग असतात, पण विद्यार्थी आणि नवपदवीधरांसाठी सवलत, शिष्यवृत्ती आणि स्वयंसेवकाची जागा बऱ्याच ठिकाणी असते. अर्ज काही महिने आधी बंद होतात, एवढं ध्यानात ठेवा. स्वयंसेवक असाल तर वक्त्यांच्या खोलीची किंवा कार्यशाळेची जबाबदारी मागून घ्या. नोंदणीच्या टेबलावर शेकडो माणसं भेटतात आणि एकाशीही बोलणं होत नाही.

शिकाऊ उमेदवारांसाठी ठरलेल्या वाटाही आहेत: विद्यार्थ्यांसाठी ‘समर ऑफ बिटकॉइन’, इथेरियमच्या मुख्य प्रोटोकॉलसाठी ‘इथेरियम प्रोटोकॉल फेलोशिप’, हायपरलेजर प्रकल्पांसाठी लिनक्स फाउंडेशनची मार्गदर्शन योजना. इथेरियमच्या फेलोशिपची एक गोष्ट फार चांगली आहे: निवड झाली नाही तरी विद्यावेतनाशिवाय त्यात भाग घेता येतो, प्रकल्प घेता येतो, दर आठवड्याला प्रगती लिहिता येते. ज्यांना परवडतं त्यांनी ही संधी सोडू नये.

कोड लिहीत नसाल तर

वाणिज्य, कायदा, अर्थशास्त्र, पत्रकारिता शिकलेल्यांनाही इथे जागा आहे, पण दाखवायचं काम वेगळं. एसक्यूएल येत असेल तर ड्यून या संकेतस्थळावर एखाद्या प्रोटोकॉलच्या वापराचा फलक बनवा आणि प्रत्येक आकडा कसा काढला ते लिहा. बनावट खाती वगळली की मोजली, हे लिहिलं नसेल तर जाणकार तो फलक मोडीत काढतात. विकेंद्रित संस्थांच्या (टोकनधारकांच्या मतदानावर चालणाऱ्या संस्थांच्या) प्रशासन मंचावर प्रस्ताव लांबलचक असतात आणि मतदार वाचत नाहीत. दर आठवड्याला एका संस्थेच्या प्रस्तावांचा दोन्ही बाजू मांडणारा सारांश लिहिणाऱ्याकडे तिथली माणसं स्वतःहून वळतात. कायद्याच्या पदवीधराने युरोपीय संघाचा क्रिप्टो बाजारांसाठीचा मायका हा कायदा, जो ३० डिसेंबर २०२४ पासून पूर्णपणे लागू झाला, आणि व्यवहार पाठवणाऱ्या-घेणाऱ्याची माहिती सोबत पाठवायला लावणारा ‘ट्रॅव्हल रूल’ हे दोन विषय पक्के करावेत. ज्यांची भाषा चांगली आहे त्यांच्यासाठी इथेरियमच्या अधिकृत संकेतस्थळाचा भाषांतर उपक्रम खुला आहे.

खोट्या नोकऱ्या

हा भाग वगळू नका. नोकरी शोधणारा हाच या क्षेत्रातल्या चोरांचा आवडता सावज आहे. मार्च २०२२ मध्ये रोनिन ब्रिजमधून ६० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम गेली. एका अभियंत्याला लिंक्डइनवरून खोट्या नोकरीचा प्रस्ताव आला आणि त्याने नियुक्तीपत्राची फाइल उघडली, तिथून शिरकाव झाल्याचं वृत्तांत आलं. त्या चोरीमागे उत्तर कोरियाचा लॅझरस हा हॅकर गट असल्याचं एफबीआयने जाहीर केलं. त्यानंतर मुलाखतीची कोडिंग चाचणी म्हणून दिलेल्या रिपॉझिटरीत मालवेअर लपवण्याचे प्रकार वारंवार उघड झाले आहेत.

म्हणून मुलाखतीसाठी आलेला कोणताही कोड वेगळ्या व्हर्च्युअल मशीनवरच उघडा, आणि तिथल्या ब्राउझरमध्ये कोणतंही वॉलेट नको. एनपीएम (जावास्क्रिप्टची) पॅकेज बसवताना स्क्रिप्ट आपोआप चालतात. त्या बंद ठेवण्याचा पर्याय वापरा आणि पॅकेजची यादी आधी वाचा. एडिटरने ‘या फोल्डरवर विश्वास आहे का’ असं विचारलं तर नाही म्हणा. मुलाखतीदरम्यान ‘तुमचा कॅमेरा चालत नाही, ही आज्ञा टर्मिनलमध्ये चालवा’ असं सांगितलं तर संवाद तिथेच तोडा. बारा किंवा चोवीस शब्दांचा सीड फ्रेज (ज्याने तुमचं वॉलेट उघडतं ती शब्दमाला) कोणतीही खरी कंपनी मागत नाही. नोकरीसाठी, प्रशिक्षणासाठी किंवा ‘खातं सक्रिय करण्यासाठी’ पैसे मागणारी जागा खोटीच. संपर्क करणाऱ्याचा पत्ता कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून उलट तपासा. त्याने दिलेल्या दुव्यावरून नाही.

खऱ्या नोकरीतही पगाराचा भाग टोकनमध्ये देऊ करतात. तेव्हा मिळण्याचं वेळापत्रक विचारा. चार वर्षांत हप्त्याहप्त्याने आणि पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच नाही, अशी पद्धत सर्रास आढळते. टोकन अजून बाजारात आलेलं नसेल तर त्याची किंमत शून्य धरा, आणि उरलेल्या पगारात भागतं का ते बघूनच होकार द्या.

कुठे अडलंय ते ओळखणं

एक साधा तक्ता ठेवा: माणूस, कोणत्या कामावरून बोललो, तारीख, उत्तर, पुढची पायरी. बाराव्या आठवड्यानंतर तो वाचा. पुढचे आकडे आमचे ठोकताळे आहेत, पण दोष शोधायला उपयोगी पडतात. तीस संदेशांना तीनपेक्षा कमी उत्तरं आली असतील तर दोष संदेशात आहे: प्रश्न फार मोठा आहे किंवा त्या माणसाचं काम न वाचता लिहिला आहे. उत्तरं येतात पण संवाद होत नाहीत, तर दुव्यामागचं काम कच्चं आहे. संवाद छान होतात पण कोणी नाव सुचवत नाही, तर बहुतेक वेळा त्यांनी दाखवलेली उणीव भरून तुम्ही पुन्हा गेलाच नाहीत. नाव सुचवलं जातं पण मुलाखतीत अडतं, तर आता माणसं जोडण्याचं काम महिनाभर पूर्ण थांबवा आणि मुलाखतीत जे आलं नाही तेवढंच शिका.

बाजार पडलेला असेल तर हा तक्ता वाचताना तेही धरा. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हा क्रिप्टो खरेदी-विक्रीचा बाजार कोसळल्यावर अनेक कंपन्यांनी भरती थांबवली आणि माणसं कमी केली. अशा काळात कोणी ‘सध्या जागा नाही’ म्हणालं तर ते बहुधा खरंच असतं. त्याला दर सहा-आठ आठवड्यांनी नव्या कामाचा एक दुवा पाठवत राहा, सोबत दोन ओळी आणि कोणतीही मागणी नाही. भरती पुन्हा उघडते तेव्हा जाहिरात निघण्याआधी संघात ‘कोणी माहितीतलं आहे का?’ असं विचारलं जातं.